बनावट ग्राहकाची बायको

सिंधुबाईंना हेवा वाटायला कारण लागायचं नाही, आणि कारण मिळालंच तर त्या ते वाया जाऊ द्यायच्या नाहीत. नवऱ्यानं, म्हणजे सहादूनं, भाऊबीजेला बहिणीला भारीतली साडी घेतली की ह्यांच्या पोटात दुखलंच. शेजारणीनं दिलेलं पिठलं सहादू दोनदा वाढून घेऊन जेवला, तर पुढचा महिनाभर घरात पिठलं शिजलं नाही. एकदा तर तो गायीशी बोलतो तेवढा आपल्याशी बोलत नाही म्हणून त्यांनी दोन दिवस गायीला नावानं हाक मारली नव्हती. "मन लय वाईट हाय माझं," असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना आवाजात थोडी ऐटही असायची.

बाकी बाई कामाला खमकी. मखमलाबादच्या पुढं, मातोरीच्या रस्त्याला त्यांचं एकरभर रान. शेवंती, झेंडू, बांधाला गलांडा. उजाडता उजाडता तोडा व्हायचा आणि सातच्या आत सिंधुबाई नाशिकच्या फुलबाजारात आपल्या जागेवर. वीस वर्षं त्या त्याच जागेवर बसत होत्या. गिऱ्हाईक चार पावलं लांब असतानाच त्याला पूजेला फुलं हवीत, लग्नाला की मयताला, हे त्यांना कळायचं. सहादू मात्र अगदी उलटा. मिटलेला माणूस, पन्नाशीला टेकलेला, चेहरा असा की देवळाबाहेर चपला सांभाळायला बसवावा. त्या चेहऱ्याचा कुणाला कधी संशय यायचा नाही. पुढचं सगळं रामायण त्या चेहऱ्यामुळंच घडलं.

मार्गशीर्षातले गुरुवार संपून पौष लागला होता. बाजार थंड, म्हणून सिंधुबाई दुपारीच घरी आल्या होत्या. सहादू रानात ठिबकच्या नळ्या साफ करत होता. एक पोलीस मोटारसायकलवरून आला, ओट्यापाशी थांबला आणि कागद पुढं केला. "सहादू किसन इथंच राहतात ना? सेशन कोर्टाचं समन्स आहे."

"काय केलं ओ त्यांनी?"

"काही नाही केलं, काकू. साक्ष आहे. हायवेच्या त्या लॉजवर दोन वर्षांपूर्वी आम्ही छापा घातला नव्हता का, त्यात ते आमचे बनावट ग्राहक होते. इथं सही करा."

सिंधुबाईंनी सही केली. पोलीस निघून गेला. त्या कागद हातात धरून ओट्यावर बसल्या, आणि जे दोन शब्द ऐकले होते त्यातला पहिला त्यांच्या कानात शिरलाच नाही. दुसराच तेवढा शिरला, आणि तो संध्याकाळपर्यंत बाहेर निघाला नाही.

सहादू हातपाय धुऊन आत आला तेव्हा चहा नव्हता. कागद होता. त्यानं तो वाचला आणि खाली बसला. मग जे सांगायचं ते त्यानं सांगितलं, कारण खोटं फार वेळ सांभाळणं त्याला जमत नसे. तेजस्विनी मॅडम म्हणून एक हवालदार होत्या. दर गुरुवारी पोलीस चौकीतल्या देवाच्या फोटोसाठी ह्यांच्याकडूनच हार न्यायच्या. त्यांनी विचारलं होतं. लॉजवर बाहेरून पोरी आणून कोंडून ठेवल्यात, त्यांच्याकडून धंदा करवून घेतात, पण आत शिरायला माणूस मिळत नाही. आधी पाठवलेले दोघं पोलीस बुटांवरून ओळखले गेले. पोलिसांचा वाटणार नाही असा साधा माणूस पाहिजे. सहादू तीनदा नाही म्हणाला आणि चौथ्यांदा गेला. गिऱ्हाईक म्हणून आत जायचं, खोलीत गेल्यावर मॅडमना मिस कॉल द्यायचा, एवढंच काम.

"मला काय सांगितलं होतं तवा? निफाडला गुलाबाची रोपं आणायला चाललो," सिंधुबाई म्हणाल्या.

"हो."

"रोपं आणली पण होती."

"येताना रस्त्यातल्या नर्सरीतून घेतली."

"म्हंजे मी त्या रोपांना दोन वर्षं पाणी घालत बसले."

सिंधुबाईंनी दुसऱ्या दिवसापासून बांधावरच्या त्या गुलाबांना हात लावणं सोडलं. कळ्या उमलल्या, फुलं झाली, पाकळ्या गळून पडल्या, तरी बाई तिकडं बघेनात. पण ते पुढचं झालं. त्या संध्याकाळी त्यांचे प्रश्न संपले नव्हते.

"खोलीत किती वेळ होता?"

"आठ-धा मिनिटं. फोनचं बटण दाबलं जाईना."

"आणि ती?"

"खाली बघत व्हती."

"दिसायला कशी होती?"

"पोरगी व्हती, सिंधू. आपल्या भागीच्या वयाची. एखाद-दोन वर्षांनी मोठी असंल."

"नाव काय तिचं?"

इथं सहादू थांबला. इतका वेळ धडाधड सांगत आलेला माणूस दाराला कडी लागावी तसा बंद झाला. "नाव नाय सांगता येत."

"माहीत नाय, का सांगता येत नाय?"

"माहीत हाय. नंतर जबाबात वाचून दाखवलं व्हतं. पण सांगता येत नाय. मॅडमनी बजावलंय."

झालं. लॉजवर गेला, खोलीत गेला, खोटं बोलला, हे सगळं सिंधुबाईंनी एक वेळ गिळलं असतं. पण वीस वर्षांत ज्या माणसानं त्यांच्यापासून खिशातला चुरगाळलेला कागदसुद्धा लपवला नव्हता, त्यानं एका परक्या पोरीचं नाव मनात जपून ठेवलं होतं, आणि वर 'माहीत हाय' म्हणत होता. मनाच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय ते दाखव म्हटलं तर दाखवणारही नव्हता. सिंधुबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांची मुलगी भाग्यश्री, घरातली भागी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिनं आईला समोर बसवून समजावलं. अशा केसमधल्या मुलीचं नाव, गाव, पत्ता कुणालाही सांगायचा नाही असा कायदा आहे. पेपरात छापायचं नाही, शेजारी बोलायचं नाही. तिला कुठं ठेवलंय तेही गुप्त. कोर्टातसुद्धा दारं लावून साक्ष घेतात. सांगितलं तर सांगणाऱ्याला शिक्षा होते.

"आणि एवढी लपवाछपवी कशाला?"

"उद्या ती गावी गेली, लग्न झालं, कामाला लागली, तर मागून कुणी बोट दाखवायला नको म्हणून. आणि ज्यांनी तिला विकली त्यांना ती सापडायला नको म्हणून."

सिंधुबाईंनी विचार केला. "माझ्यासाठी नाय का एखादा कायदा?"

"तुझ्यासाठी कसला?"

"बायकोनं विचारलं तर नवऱ्यानं नाव सांगितलंच पाहिजे, असा."

भाग्यश्री हसली. आई हसली नाही.

मग जेवणं अवघड झाली. भाकरी मोडता मोडता सिंधुबाई सहज म्हणाव्यात, "आज बाजारात ती काजल आली होती." आणि डोळे सहादूच्या चेहऱ्यावर. सहादू विचारायचा, "कोण काजल?" "असंल कुणीतरी." दुसऱ्या दिवशी रेश्मा यायची, तिसऱ्या दिवशी पूजा, मग सोनी, मग मुस्कान. महिनाभरात त्या घरात गावच्या शाळेच्या हजेरीपटापेक्षा जास्त पोरी येऊन गेल्या. एकदा 'राणी' म्हटल्यावर सहादूला जोराचा ठसका लागला. सिंधुबाई तीन दिवस त्याच नावाचा राग धरून बसल्या. चौथ्या दिवशी भागीनंही ठसकत सांगितलं, की आई, ठेच्यात मिरची लय पडतेय तुझी.

आणि मग त्यांना मंगळवार आठवले. दर मंगळवारी बाजार उठायच्या वेळेला सहादू उरलेली शेवंती, तीही चांगली टपोरी, एका टोपलीत बाजूला काढायचा. वर्ष होऊन गेलं होतं. विचारलं तर 'देतो एके ठिकाणी' म्हणायचा, आणि सिंधुबाई समजायच्या, देवळात देत असंल. आता त्यांनी मनाशी देवळं मोजली. मंगळवारी गणपती. गणपतीला जास्वंद, दूर्वा. शेवंती कुठल्या देवाला एवढी लागते?

पुढच्या मंगळवारी त्यांनी बाजारात शेजारी बसणाऱ्या नवसाबाईंना फुलांच्या पाट्यांकडं बघायला सांगितलं आणि रिक्षा केली. "त्या स्कूटीच्या मागं घ्या." रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्याकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. सहादू कधी तिशीच्या वर गाडी चालवत नसे, त्यामुळं पाठलागाला काही मजा नव्हती. गंगापूर रोडच्या आतल्या एका कॉलनीत, गल्लीच्या टोकाला, एक जुना बंगला होता. हिरवं फाटक. पाटी नाही. एका म्हाताऱ्या बाईनं फाटक वीतभर उघडलं, टोपली आत घेतली, रिकामी दिली. सहादूनं हात जोडले आणि तो वळला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा झालं नसेल.

सिंधुबाई घरी येऊन काही बोलल्या नाहीत. हे वाईट लक्षण होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः टोपली घेऊन त्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

"मी फुलवाल्याची बायको. काल फुलं कमी दिली म्हणे त्यांनी."

म्हाताऱ्या बाईचं नाव मालनबाई. तिला फुलवाला माहीत होता, त्याच्यावर भरवसा होता, म्हणून तिनं बायकोला उंबऱ्याच्या आत घेतलं. फक्त फाटकाजवळच्या पडवीपर्यंत. समोर पत्र्याच्या सावलीत पाच मुली सतरंजीवर बसून हार करत होत्या. सोडवून आणलेल्या मुलींना तिथं ठेवतात, त्यांना हार करायला शिकवायचं म्हणून तेजस्विनी मॅडमनी सहादूला फुलं मागितली होती, आणि कुणाला सांगायचं नाही असंही सांगितलं होतं, हे सिंधुबाईंना नंतर कळलं. तेव्हा त्यांना एवढंच दिसलं की पाचजणी आहेत.

ह्यातली कोणती?

एकीची वेणी लांब होती. एकीला हसताना गालावर खळी पडत होती. एक जरा सावळी, पण डोळे मोठे. चौथी बारीक, कुणी दार वाजवलं की दचकणारी. पाचवी तर अजून फ्रॉकमध्ये शोभावी अशी होती. सिंधुबाई एकेकीवर थांबल्या, तोलून पाहिलं, पुढं गेल्या. हेवा तयार होता, पण तो टेकवायला जागा सापडेना. आणि ह्या पोरी गाठी काय मारत होत्या, शेवंतीच्या देठाला दोरा एकदाच फिरवत होत्या. असा हार गळ्यात घालायच्या आत सुटतो. सिंधुबाईंचे हात शिवशिवले. पण शिकवायला त्या आल्या नव्हत्या.

"ह्यातली लॉजवरची कोणती ओ?" त्यांनी हळूच विचारलं.

मालनबाईंनी त्यांच्या हातातली टोपली काढून घेतली. "बाई, हे इथं विचारत नसतात. मला कुणी सांगत नाही आणि मी कुणाला विचारत नाही. या आता."

रिक्षात बसल्यावर सिंधुबाईंना रडूच आलं. आधी एक होती, आता पाच झाल्या. वेणीवालीचा राग करायला घ्यावा तर खळीवाली डोळ्यांपुढं यायची. रात्रंदिवस त्याच पाचजणी. आणि सहादू आपला ठिबकच्या नळ्या साफ करतोय.

साक्षीची तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा बाजारात एक बाई यायला लागली. चाळिशीची, इरकली साडी, बोलणं साखरेत घोळलेलं. नाव राखीताई म्हणून सांगितलं. वास्तुशांतीला मोठे हार लागणार म्हणाली, ऑर्डर दिली, फोन नंबर लिहून दिला. रोज थोडी थोडी फुलंही न्यायची. तिसऱ्या दिवशी पाटीशेजारी बसकण मारून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका ताई, पण एक बोलू का? तुमचे मालक कोर्टात जाणार म्हणे."

सिंधुबाईंचे कान उभे राहिले.

"मी त्या पोरीची मावशी लागते. लांबची. पोरगी चांगली आहे हो, पण वय असं. म्हणते, त्या माणसानं मला सोडवलं, आता तोच माझं बघंल. त्यांचंच नाव घेते सारखी."

"नाव घेते?"

"घेते तर. तुमच्यासारख्या बाईच्या संसारात असं काही नको म्हणून मला तिला घरी न्यायचीय. एकदा गावी नेली की ती तुमच्या मालकांच्या डोक्यातनंही जाईल आणि मालक तिच्या डोक्यातनं. पण ठेवलंय कुठं, तेच कुणी सांगत नाही बघा. कायदा म्हणे. रक्ताच्या माणसांना कसला आलाय कायदा?"

आता खरं सांगायचं तर सिंधुबाईंना त्या बाईचं सगळंच पटलं असं नाही. पण 'गावी नेली की डोक्यातनं जाईल' हे वाक्य त्यांना फार गोड लागलं. एवढ्या दिवसांत कुणी त्यांच्या मनातलं इतकं नेमकं बोललं नव्हतं. पाचजणींमधली एक कमी होईल. जी कमी होईल तीच ती. मग नावाची गरजच उरणार नाही.

"गंगापूर रोडच्या आत," त्या म्हणाल्या, "पाण्याच्या टाकीपासून डावीकडं. शेवटचं हिरवं फाटक. पाटी नाय."

राखीताईनं त्यांचा हात दाबला, उठली, आणि गर्दीतून रिक्षाच्या दिशेनं निघून गेली. सिंधुबाईंना हलकं वाटलं. त्यांनी शेवंतीवर पाणी शिंपडलं, आणि शिंपडताना त्यांचं लक्ष बाजूला गेलं. वास्तुशांतीचे मोठे हार, सकाळपासून बसून केलेले, बांधून ठेवलेले, तिथंच होते. आज न्यायच्या त्या हारांकडं बाईनं बघितलंसुद्धा नव्हतं.

गिऱ्हाईकाला काय हवं होतं ते सिंधुबाईंना पहिल्यांदाच इतकं उशिरा कळलं. त्या हार तसेच टाकून रिक्षांपर्यंत पळाल्या. बाई गेली होती. त्यांनी सहादूला फोन लावला.

"अहो, मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"हिरवं फाटक. एक बाई मावशी म्हणत होती. मावशी नाय ती."

सहादूनं फोन ठेवला. वीस वर्षांत त्यानं बायकोचा फोन मधेच ठेवायची ही पहिली वेळ होती, आणि सिंधुबाईंना त्याचं वाईट वाटायलासुद्धा उसंत मिळाली नाही.

सहादूनं तडक मॅडमना कळवलं, आणि तासाभरात पाची मुलींना तिथून हलवलं. कुठं, ते सहादूलाही कळलं नाही. दुपारी चारला एक गाडी त्या गल्लीत दोनदा फिरली. दोन माणसं उतरली, इथं खोली भाड्यानं मिळेल का, असं फाटकाशी विचारून गेली. मालनबाईंनी फाटक उघडलं नाही.

संध्याकाळी तेजस्विनी मॅडम घरी आल्या, साध्या कपड्यांत. ओट्यावर बसल्या. सिंधुबाई आत चुलीपाशी होत्या, पण भिंत पातळ होती.

"सहादूभाऊ, फोनवर म्हणालात तुमच्या तोंडून गेलं. कुणापुढं गेलं?"

"बाजारात बोलताना. चुकून."

"तुम्ही असं चुकून बोलणारे नाही."

सहादू ठिबकच्या नळीचा एक तुकडा उगाच साफ करायला लागला.

"वर्षभर तुम्ही फुलं दिलीत, एका शब्दानं कुठं बोलला नाहीत, हे मी सरकारी वकिलांना छातीठोक सांगत होते. आता ते म्हणतात, जो साक्षीदार मुलींचा पत्ता बाजारात बोलतो त्याला सोमवारी उभा करून उपयोग काय. समोरचा वकील पहिलाच प्रश्न हा विचारील, की हा माणूस नेमका कुणाच्या बाजूचा. तुमची साक्ष गेली तर उरते फक्त ती मुलगी. ती एकटी उभी राहणार आणि लॉजवाला तिला खोटं पाडणार. मग तो सुटलाच म्हणून समजा."

"माझीच चूक हाय," सहादू म्हणाला.

सिंधुबाई आत ऐकत होत्या. आणि त्या क्षणी त्यांना आनंद झाला. झाला तर झाला, लपवून काय करायचं. हा माणूस आपल्यासाठी खोटं बोलत होता. एवढे दिवस परक्या पोरीला पाठीशी घालणारा आज बायकोला पाठीशी घालत होता, आणि तेही पोलिसासमोर, स्वतःची अब्रू घालवून. तव्यावरची भाकरी फुगली, करपायला आली, तरी त्या आनंदातच होत्या. मग त्यांना ती चौथी आठवली, दार वाजलं की दचकणारी. आज तिला तासाभरात गोळा करून कुठल्या तरी दुसऱ्या दारापाशी नेलं असेल, आणि तिथं ती परत पहिल्यापासून दचकायला लागली असेल. हा आनंद त्या पोरीच्या जिवावर चालला होता. सिंधुबाईंनी तवा उतरवला, पदराला हात पुसले आणि बाहेर आल्या.

"मॅडम, ह्यांनी नाय सांगितलं. मी सांगितलं."

"सिंधू, तू आत जा," सहादू म्हणाला.

"मी का आत जाऊ? माझं तोंड, माझी चूक. ह्यांनी मला घरातसुद्धा नाव सांगितलं नाय त्या पोरीचं, मी ह्यांच्या मागं रिक्षा लावून ते घर शोधलं. त्या बाईचा फोन नंबर हाय माझ्याकडं, ऑर्डरच्या वहीत. तिचा चेहरा दाखवते ओळखून. कुठं लिहून द्यायचं ते सांगा."

तेजस्विनी मॅडमनी त्यांना शेजारी बसवलं. "वहिनी, आधी ऐका. तुमचा जबाब झाला तर ह्यांची साक्ष राहते, आणि त्या बाईलाही धरता येईल. पण पत्ता बाहेर सांगितला म्हणून तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. आधी एखाद्या वकिलाला विचारा."

"वकील काय सांगणार? बोलू नको म्हणून सांगणार. न बोलायचं वळण मला असतं तर हे झालंच नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात जबाब झाला. लिहून घेणारा हवालदार, ज्याला तिथं रायटर म्हणतात, कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत होता. मी सिंधुबाई सहादू, वय सेहेचाळीस, धंदा शेती व फुलविक्री, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की. बाई कशी आली, काय बोलली, कुठली साडी, काय नंबर, सगळं सिंधुबाईंनी एक शब्द न चुकता सांगितलं. तेजस्विनी मॅडम बाजूला उभ्या होत्या. सहादू बाहेर बाकावर.

"आता कारण," रायटर म्हणाला. "तुम्ही पत्ता का सांगितला? मी लिहितो, कौटुंबिक गैरसमजातून."

"गैरसमज कसला? मुलीनं समजावलं होतं, ह्यांनी समजावलं होतं. माझा नवरा कशासाठी गेला, ते मला सगळं नीट समजलं होतं."

"मग भावनेच्या भरात लिहू का?"

"त्या पोरीवर मी जळत होते म्हणून सांगितलं. तसंच लिहा."

रायटरची बोटं थांबली. "काकू, उद्या हे कोर्टात वाचून दाखवतील. चारचौघांत. समोरचा वकील हसेल तुम्हाला."

"हसू द्या ना. मऊ काही लिहिलंत तर तो म्हणंल, नवऱ्याला वाचवायला बायको काहीबाही सांगतीय. असं कुठलीच बाई स्वतःबद्दल उगाच सांगत नाय."

रायटरनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान हलवली. त्यानं टाइप केलं, छापलं आणि वाचून दाखवलं: "मला सदर पीडितेबाबत मनात हेवा वाटत होता, त्या कारणाने मी सदरचा पत्ता अनोळखी महिलेस सांगितला. वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो बरोबर व खरा आहे." मग कागद पुढं सरकवला आणि पेन दिलं.

सिंधुबाईंनी पेन घेतलं, पण सही केली नाही. त्या एका ओळीवर बोट ठेवून बसल्या.

"इथं चुकलंय."

"काय चुकलं?"

"वाटत होता, असं लिहिलंय तुम्ही."

"मग?"

"वाटतो, लिहा," सिंधुबाई म्हणाल्या. "खाली खरा आहे म्हणून लिहिलंय ना, त्याच्यावर मला सही करायचीय."